धूर आत गेला, त्याची गोष्ट

आत येताना दारातच एका ज्येष्ठ श्रोत्यांनी आम्हाला हसत विचारलं, "इतिहासाच्या व्याख्यानमालेत हे गॅरेज कुठून घुसवलंत?" प्रश्न रास्त आहे. उत्तर म्हणून आधी एक घरची हकिगत सांगतो, मग इतिहासाकडे वळू.

आम्ही तिघं मित्र मिळून हा विषय वाचतो आहोत. एकाचं बालपण काकांच्या पंप-नोझलच्या दुकानात गेलं. दुसऱ्याकडे २०२० च्या अखेरीस नोंदणी झालेली, दुसऱ्या हातानं घेतलेली डिझेल गाडी आहे. तिसरा नुसताच वाचतो. गेल्या वर्षी त्या गाडीच्या डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. गाडीचे सव्वा लाख किलोमीटर झाले होते. गॅरेजात नेली, स्कॅनर लावला, तर एक्झॉस्टमधला काजळीचा फिल्टर, ज्याला सगळे डीपीएफ म्हणतात, तो भरलाय असं निघालं. त्यांनी 'फोर्स रिजन' केलं, म्हणजे स्कॅनरवरून हुकूम देऊन आतली काजळी जाळली. तीन आठवड्यांत दिवा पुन्हा हजर. पुन्हा जाळली, पुन्हा दिवा. तिसऱ्या खेपेला मिस्त्री म्हणाले, "साहेब, नवीन फिल्टरच्या पैशात दोन वर्षांचं डिझेल येईल. काढून टाकू. आतला दगड फोडायचा, वरून वेल्ड मारायचा, प्रोग्रॅममधून फिल्टर बंद करायचा. कळणारसुद्धा नाही. पीयूसीत पण पास होईल."

या बोलण्यातलं शेवटचं वाक्य खरं होतं, आणि तेच आम्हाला टोचलं. ज्या वस्तूसाठी देशानं तेलशुद्धीकरण कारखाने बदलले, ती वस्तू गाडीतून काढून टाकली तरी सरकारी तपासणीत कळत नाही? असं कसं झालं? हे शोधायला बसलो, आणि आमच्या गाडीचं निदानही त्या शोधातच सापडलं.

सुरुवात मुंबईतून करू. १९१२ साली मुंबई इलाख्यात धुराच्या उपद्रवाचा कायदा झाला, बॉम्बे स्मोक नुइसन्सेस ॲक्ट. त्याआधी १९०५ मध्ये बंगालात तसाच कायदा आला होता. डिझेलचा तेव्हा काही संबंध नाही. गिरण्यांची धुराडी आणि कोळशाची भट्टी, हा प्रश्न होता. आता धूर गुन्हा ठरवायचा तर तो मोजायला हवा. धूर कसा मोजणार? जगभर त्या काळात एक युक्ती रूढ होत होती. पॅरिसमध्ये माक्सिमिलियाँ रिंगेलमान नावाचे कृषी-अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. त्यांनी एक तक्ता केला. पांढऱ्या कागदावर काळ्या रेघांची जाळी. पहिल्या चौकटीत रेघा बारीक, पुढच्यांत जाड होत गेलेल्या. तक्ता लांब धरला की रेघा एकमेकीत मिसळून करडा रंग दिसतो. पहिला क्रमांक म्हणजे २० टक्के काळा, दुसरा ४०, असं करत पाचवा म्हणजे ठार काळा. तक्त्याकडे पाहायचं, धुराड्याकडे पाहायचं, जुळेल तो आकडा लिहायचा. झालं मोजमाप.

एवढं तपशिलात सांगायचं कारण असं की धूर म्हणजे डोळ्याला दिसतो तो, ही समजूत इथे कायद्यात शिरली. ती पुढे शंभर वर्षं हलली नाही.

आता डिझेल. रुडॉल्फ डीझेल यांना १८९३ मध्ये पेटंट मिळालं आणि १८९७ च्या फेब्रुवारीत आउग्सबुर्गच्या कारखान्यात त्यांच्या इंजिनाची ती प्रसिद्ध चाचणी झाली. इंधनातल्या उष्णतेपैकी सुमारे २६ टक्के कामी लागली. वाफेची इंजिनं तेव्हा याच्या निम्म्याच्याही आसपास अडखळत होती. गंमत अशी की ते पहिलं इंजिन तसं धुरकट नव्हतं. त्यात डिझेल फवारायला दाबलेली हवा वापरत, त्यामुळे इंधन छान बारीक उडायचं. पण त्यासाठी जो अवजड काँप्रेसर लागायचा, तो जहाजात किंवा कारखान्यात चालेल, ट्रकमध्ये कुठे ठेवणार? १९२७ मध्ये बॉशनं इंधन थेट दाबून फवारणारा पंप मोठ्या संख्येनं बनवायला घेतला आणि डिझेल रस्त्यावर आलं. १९३६ मध्ये मर्सिडीजची २६० डी ही मोटारगाडी आली. आपल्याकडे किर्लोस्करांची ऑइल इंजिनं विहिरींवर धडधडू लागली, १९५४ पासून टाटा-मर्सिडीजचे ट्रक आले, आणि काळा धूर मराठी माणसाच्या ओळखीचा झाला. कसाऱ्याचा घाट चढणाऱ्या एसटीच्या मागे ज्यांनी स्कूटर चालवली आहे, त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. (हशा)

हा काळा धूर येतो कुठून? पेट्रोल इंजिनात, निदान जुन्या, ॲक्सिलरेटर दाबला की हवा आणि पेट्रोल दोन्ही वाढतं. डिझेलमध्ये हवा जेवढी यायची तेवढी येतेच. पायाखाली फक्त डिझेलचं माप असतं. जास्त ताकद हवी, जास्त डिझेल सोडा. पण हवा तेवढीच. एका हद्दीनंतर डिझेलच्या थेंबाभोवती ऑक्सिजन पुरत नाही, थेंबातला कार्बन जळायचा राहतो, आणि काजळी होऊन बाहेर पडतो. तेव्हा डिझेल इंजिनाची जास्तीत जास्त ताकद किती, हे कुठे ठरतं? तर जिथे धूर असह्य होतो तिथे. पंपाच्या कारखान्यात ती हद्द एका स्क्रूनं बांधून देत आणि त्यावर शिशाचं सील मारत.

आमच्या मित्राच्या काकांच्या दुकानात ट्रक यायचे ते बहुतेक याच सीलपायी. घाटात गाडी ओढत नाही, मालक म्हणायचा, "काका, थोडं डिझेल वाढवा." सील तुटायचं, स्क्रू फिरायचा, गाडी ओढायला लागायची आणि मागे काळा पडदा सोडायची. फिल्टर फोडण्याचा जो धंदा आज चालतो, त्याचा हा आजोबा म्हणायचा. फरक एकच, आणि तो मोठा आहे: सील तोडलेली गाडी अर्ध्या किलोमीटरवरून ओळखू यायची.

त्याच दुकानात धुराच्या रंगावरून दुखणं सांगायची विद्या होती. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. एअर फिल्टर चोंदलाय, नोझल गळतंय, टर्बोची हवा कुठून तरी निसटतेय. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय. रिंगा गेल्या, व्हॉल्व्हचे गाइड झिजले, नाहीतर टर्बोचं सील गेलं. पांढरा धूर दोन तऱ्हांचा. सकाळी थंड इंजिनाला येणारा, डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलचा वास असलेला धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. काँप्रेशन कमी, टायमिंग चुकलं किंवा ग्लो प्लग मेले. आणि इंजिन तापल्यावरही न थांबणारा, गोडसर वासाचा, रेडिएटरचं पाणी कमी करणारा पांढरा धूर म्हणजे हेड गॅस्केट. काका गाडीला हात लावायच्या आधी सायलेन्सरमागे दोन मिनिटं उभे राहायचे. बरेचदा तेवढ्यानं भागायचं.

तर डोळा हेच यंत्र होतं, दुकानात आणि कायद्यातही. पुढे डोळ्याच्या मदतीला उपकरणं आली, पण त्यांनी केलं तेच काम. बॉशचं उपकरण ठरावीक धूर पांढऱ्या कागदातून ओढायचं आणि कागद किती काळा झाला ते शून्य ते दहा आकड्यांत सांगायचं. इंग्लंडातल्या हार्ट्रिज मीटरमध्ये धूर सुमारे ४३ सेंटिमीटर लांबीच्या नळीत घ्यायचे; एका टोकाला दिवा, दुसऱ्या टोकाला प्रकाश मोजणारा डोळा. शंभरातला किती भाग प्रकाश अडला, ते हार्ट्रिज एकक. आपल्या १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत डिझेल गाडीला हीच एककं लागू झाली. गाडी उभी ठेवून ॲक्सिलरेटर एकदम दाबायचा, त्या चाचणीत ६५ एककांपर्यंत चालेल. याचा अर्थ नीट ऐका: हातभर लांबीच्या नळीत शंभरातला ६५ भाग प्रकाश अडला तरी गाडी पास. पुढे बीएस-४ गाड्यांसाठी तो आकडा ५० झाला.

इकडे हे चालू असताना अमेरिकेत वेगळंच घडत होतं. सत्तरच्या दशकातल्या तेलटंचाईनंतर तिथे डिझेल मोटारी खपायला लागल्या आणि १९८२ पासून त्यांच्या काजळीवर वजनाची मर्यादा आली, मैलाला ०.६ ग्रॅम. दिसण्यावर नव्हे, वजनावर. इथून फिल्टरची कथा सुरू होते.

कॉर्निंग या काचसामानाच्या कंपनीनं सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सिरॅमिकचा एक ठोकळा तयार केला. मधाचं पोळं डोळ्यांपुढे आणा. हजारो लांब बारीक नळ्या, भिंतीला भिंत लागून. आता यातली एक नळी पुढून बंद करा, शेजारची मागून, बुद्धिबळाच्या पटासारखी. धूर उघड्या तोंडानं आत जातो, पुढे रस्ता बंद, मग त्याला सच्छिद्र भिंतीतून शेजारच्या नळीत घुसावं लागतं. वायू जातो, काजळी भिंतीवर राहते. इतकी साधी कल्पना, आणि वजनानं ९५ टक्क्यांहून अधिक काजळी अडवते. आजही प्रत्येक डीपीएफ मुळात हाच आहे.

मग अडलं कुठे? चहाची गाळणी भरली की आपटून रिकामी करतो. ही गाळणी सायलेन्सरच्या पोटात. काजळी जाळायला हवी, आणि तिला जळायला साधारण ६०० अंश सेल्सिअस लागतं. शहरात चालणाऱ्या डिझेलचा एक्झॉस्ट बरेचदा दोनशेच्या आसपास रेंगाळतो. सगळा पेच या मधल्या चारशे अंशांत आहे.

१९८५ मध्ये मर्सिडीजनं कॅलिफोर्नियात विकायच्या डिझेल गाड्यांना फिल्टर बसवला. त्यांनी हुशारी अशी केली की फिल्टर टर्बोच्याही आधी, इंजिनाच्या अगदी तोंडाशी ठेवला, म्हणजे तो आपोआप तापत राहील. पण सिरॅमिक तडकून त्याचे कण थेट टर्बोच्या पात्यांवर जायला लागले. ते फिल्टर पुढे काढावे लागले आणि मोटारगाडीतला फिल्टर पंधरा वर्षं मागे पडला. आम्हाला हे अपयश फार महत्त्वाचं वाटतं. फिल्टर ही सुटी वस्तू नाही, ती इंजिनाच्या स्वभावाशी बांधलेली आहे, हे तेव्हाच दिसलं होतं. आपण ते विसरतो आणि फिल्टरला एअर फिल्टरसारखं, बदलायचा डबा समजतो.

नंतर दोन वाटांनी मार्ग निघाला. पहिली वाट स्वीडनमध्ये. तिथे १९९१ मध्ये गंधक अवघं १० पीपीएम असलेलं डिझेल आलं. गंधक कमी म्हटल्यावर फिल्टरच्या आधी उत्प्रेरक बसवता येतो. नाहीतर गंधक त्याला निकामी करतं. हा उत्प्रेरक एक्झॉस्टमधल्या नायट्रिक ऑक्साइडचा नायट्रोजन डायऑक्साइड करतो, आणि तो तीनशे अंशांच्या आसपासही काजळी हळूहळू खातो. जॉन्सन मॅथीची ही पद्धत तिथल्या शहर बसगाड्यांत चालली. दुसरी वाट फ्रान्समध्ये. २००० साली पूजोची ६०७ ही गाडी फिल्टरसह आली. एव्हाना कॉमन रेल आलं होतं, म्हणजे डिझेल केव्हा आणि किती फवारायचं ते संगणक ठरवत होता. फिल्टर भरला की संगणक पिस्टन खाली जाताना उशिरानं थोडं जास्तीचं डिझेल सोडतो. ते एक्झॉस्टमध्ये जळून उष्णता वाढवतं. शिवाय इंधनात सिरियमचं मिश्रण मिसळून काजळीचं जळायचं तापमान खाली आणलेलं. मोटारगाडीच्या फिल्टरला मुक्काम मिळाला तो इथे.

भारतात त्या सुमाराला काय चाललं होतं? १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीच्या सगळ्या बस सीएनजीवर न्यायला सांगितलं होतं. केंद्रानं डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिच्या २००२ च्या अहवालातून इंधन धोरण आलं. त्यानंतरची वाटचाल गंधकाच्या आकड्यांतच वाचता येते: बीएस-२ चं डिझेल ५०० पीपीएम, बीएस-३ चं ३५०, बीएस-४ चं ५०. फिल्टर शहाण्यासारखा चालायला हवा तर १०. तो आकडा देशभर आला १ एप्रिल २०२० ला, बीएस-५ ला वळसा घालून थेट बीएस-६ बरोबर. स्वीडननंतर २९ वर्षांनी. मधल्या काळात, २०१२ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं डिझेलचा धूर 'संभाव्य' गटातून काढून निश्चित कर्ककारकांच्या गटात टाकला होता.

आणि मग एका रात्रीत धूर दिसेनासा झाला. नव्या डिझेल गाडीच्या मागे उभे राहा, काही दिसत नाही. सगळे खूश. पण काकांची विद्या त्या दिवशी आंधळी झाली, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. नोझल गळायचं थांबलं नव्हतं. टर्बोचे पाइप फाटायचे थांबले नव्हते. काळा धूर तयार होतच होता, फक्त तो आता मागे दिसत नव्हता. आत, त्या पोळ्यात साठत होता. पूर्वी जे दुखणं धुरानं बोलायचं, ते आता 'फिल्टर भरला' एवढंच बोलतं.

आमच्या गाडीचं निदान याच वाक्यातून निघालं. फिल्टर भरलाय हे खरं, पण तो तीन आठवड्यांत का भरतो? हा प्रश्न त्या गॅरेजात कुणी विचारलाच नव्हता. आम्ही उलट्या दिशेनं गेलो, म्हणजे फिल्टरकडून इंजिनाकडे.

पहिलं पाहिलं ते दाबाचं सेन्सर. फिल्टरच्या पुढून आणि मागून दोन बारीक नळ्या एका सेन्सरकडे जातात, दोन्हीकडच्या दाबातला फरक तो सांगतो. फरक जास्त म्हणजे फिल्टर भरलेला. पण ही नळी तडकते, चोंदते, आणि मग निर्दोष फिल्टरवर आळ येतो. यासाठी साधी तपासणी आहे: चावी चालू, इंजिन बंद, तेव्हा स्कॅनरवर फरक शून्याजवळ यायला हवा. येत नसेल तर सेन्सर खोटं बोलतोय. आमचा शून्य आला. नळ्याही धड होत्या.

दुसरं, काजळी की राख? दोन्ही वेगळ्या. काजळी जळते. राख जळत नाही. ती येते इंजिन ऑइलमधल्या रसायनांतून, म्हणूनच या गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागतं आणि टपरीवरचं स्वस्त ऑइल घातलं की वर्षभरात फिल्टरवर सूड उगवतो. गाडी चालून जी काजळी व्हायला हवी तिचा संगणक हिशोब ठेवतो, आणि दाबावरून दिसणारी काजळी वेगळी मोजतो. जाळून झाल्यावरही दाब खाली येत नसेल तर राख साठलीय. मग फिल्टर उतरवून भट्टीत भाजून, हवेनं साफ करावा लागतो. पाण्याचा जोराचा फवारा मारू नका, आतलं अस्तर जातं. आमच्याकडे जाळल्यावर दाब छान खाली येत होता. म्हणजे राख नव्हती, काजळीच होती, आणि भरपूर होती.

तिसरं, जाळणं पूर्ण होतंय का? हे मालकाला विचारायचं, यंत्राला नव्हे. घर ते ऑफिस चार किलोमीटर, त्यात सिग्नल अकरा, अशी गाडी असेल तर संगणक जाळायला सुरुवात करतो आणि मालक चावी काढतो. पुन्हा सुरुवात, पुन्हा चावी. अर्धवट सोडलेलं ते उशिराचं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं तर लोक खूश होतात, "गाडी ऑइल खात नाही!" अहो, खात नाही हे ठीक, पण वाढतं कसं? ते डिझेल आहे. असं पातळ झालेलं ऑइल टर्बो आणि बेअरिंग दोन्ही खातं. आमच्या मित्राचा मात्र रोजचा प्रवास हायवेवरचा, एका दिशेला चाळीस किलोमीटर. जाळायला पुरेसा वेळ. हेही कारण बाद.

मग उरलं एकच: इंजिनच जास्त काजळी करतंय. म्हणजे काकांचा जुना प्रश्न, हवा कमी की डिझेल जास्त? धूर दिसत नव्हता म्हणून तो विचारायचं कुणाला सुचलं नाही एवढंच. एअर फिल्टर ठीक. ईजीआर, म्हणजे थोडा एक्झॉस्ट पुन्हा आत फिरवणारा व्हॉल्व्ह, उघडाच अडकला तर ताज्या हवेची जागा धूर घेतो. तोही पाहिला, मळलेला होता पण बंद होत होता. शेवटी इंजिन रेस करायला लावून आम्ही पाइपांवर कान लावले. टर्बोकडून इंटरकूलरकडे जाणाऱ्या रबरी होसला खालच्या बाजूला, क्लिपेखाली, बोटभर चीर. दाब आला की उघडायची, नाहीतर मिटलेली. भोवती तेलकट ओल. टर्बो हवा देत होता, ती वाटेतच सांडत होती, आणि संगणक आलीय समजून डिझेल सोडत होता.

होस बदलला, एकदा नीट जाळून घेतलं. त्याला आता अकरा महिने झाले, दिवा लागलेला नाही. त्या मिस्त्रींच्या सल्ल्यानं फिल्टर फोडला असता तर काय झालं असतं? दिवा विझला असता. होस फाटलेलाच राहिला असता. आणि ती सगळी काजळी मागच्या रिक्षावाल्याच्या छातीत गेली असती. मिस्त्रींना आम्ही वाईट म्हणत नाही. ज्या गॅरेजात स्कॅनर हाच डोळा, तिथे स्कॅनर बोलेल तेच दुखणं.

आता ते टोचणारं वाक्य: पीयूसीत पण पास होईल. का होतं? दोन कारणं. आजचं कॉमन रेल इंजिन, फिल्टर नसला तरी, जुन्या पंपाच्या ट्रकसारखा काळा पडदा सोडत नाही. आणि जे सोडतं त्यातले बरेचसे कण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढे किंवा त्याहून लहान असतात. दिसणाऱ्या प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा छोटे, म्हणून प्रकाश त्यांना जवळजवळ ओळखतच नाही. नळीत दिवा लावून मोजणाऱ्या यंत्राला ते दिसणार कसे? हार्ट्रिजची नळी काय किंवा रिंगेलमानची जाळी काय, दोघांचा देव एकच, तो म्हणजे डोळा. कारखान्यातली मान्यता चाचणी यातून केव्हाच बाहेर पडली आहे. युरोपात २०११ पासून डिझेल गाडीच्या कणांचं वजन करण्याबरोबर ते मोजायलाही लागले, किलोमीटरला साठ हजार कोटी कणांची मर्यादा. आपल्या बीएस-६ मध्येही तीच आहे. पण रस्त्यावरची तपासणी मागेच राहिली.

ब्रिटननं २०१४ मध्ये वार्षिक तपासणीत फिल्टर आहे का ते नुसतं डोळ्यांनी पाहायला सुरुवात केली. बाहेरचा डबा शाबूत ठेवून आतला दगड फोडणाऱ्यांपुढे त्याचं काय चालणार! मग बेल्जियमनं २०२२ च्या जुलैपासून कण मोजायचं यंत्र तपासणी केंद्रात आणलं. इंजिन नुसतं चालू ठेवायचं, नळी आत घालायची, एका घनसेंटिमीटरमध्ये दहा लाखांहून जास्त कण आले तर नापास. जर्मनीनं वर्षभरात तेच केलं, मर्यादा अडीच लाखांवर आणून. चांगल्या फिल्टरमागे हा आकडा कित्येकदा रस्त्यावरच्या हवेपेक्षाही कमी येतो, त्यामुळे फोडलेला फिल्टर लपत नाही. आपल्या पीयूसी केंद्रात अजून दिवा आणि नळीच आहे. आमच्या मते बीएस-६ च्या डिझेल गाड्या वापरलेल्या बाजारात येऊ लागल्या आहेत तेव्हा हा बदल आत्ता व्हायला हवा, दहा वर्षांनी नव्हे. तोवर किती दगड फुटलेले असतील याचा हिशोब कुणाकडेच नसेल.

एक चिठ्ठी आली आहे: "जुनी डिझेल गाडी विकत घेताना फिल्टर शाबूत आहे हे सामान्य माणसानं कसं ओळखावं?" चांगला प्रश्न. स्कॅनर असेल तर दाबाचा फरक बघा. इंजिन रेस केल्यावरही तो शून्याला चिकटून राहिला तर आत दगड नाही किंवा तडकलाय. स्कॅनर नसेल तर बॉशच्या पांढऱ्या कागदाचीच युक्ती करा. इंजिन बंद, थंड. पांढरा रुमाल बोटाला गुंडाळा आणि सायलेन्सरच्या आतल्या खऱ्या नळीत फिरवा, बाहेरच्या चकचकीत शोभेच्या तोंडात नाही. शाबूत फिल्टरच्या मागची नळी फार तर धुळकट, करडी असते. रुमाल काजळासारखा काळा आला, तर मालक काहीही सांगोत, आधी गाडी लिफ्टवर चढवून डब्यावरचा वेल्ड बघा.